टिकलीच्या खांद्याला झेपेल अशी

४ मार्च
छे, मी कशाला मध्ये पडू! मी एवढंच म्हटलं – नातीला नेम शिकवायचाय ना, मग कमी धक्क्याची बंदूक घ्या. दहा वर्षांचं पोर ते! मुलगा म्हणतो, "बाबांची आहे की घरात!" म्हटलं, ती तुला तरी झेपते का रे ढेरपोट्या? सूनबाई तोंड फिरवून हसली.

ह्यांची बंदूक आठ वर्षं कपाटात उभी आहे. दस्त्यावर ह्यांच्या गालाचा काळपट डाग. रविवारी मैदानावरून आले की खांदा लालबुंद. मी मलम चोळायची आणि हे ओरडायचे – "हळू गं!" मोठे आले नेमबाज! मुद्दाम जोरात चोळायची मी.

७ मार्च
बंदुकांच्या दुकानात गेलो. नातीने, टिकलीने, सगळ्यात हलकी उचलली. दुकानदार म्हणाला, "आजी, बंदूक हलकी तेवढा धक्का जास्त. थोडी जड बरी, पण पोरीला पेलली पाहिजे." म्हटलं, "नवऱ्यासारखंच की!" तो बिचारा लाजला.

मग त्याने दस्ता टिकलीच्या कोपराच्या बेचक्यात ठेवून बोट चापापर्यंत पोचतं का ते पाहिलं. दोन लांब पडल्या, तिसरी बरोबर बसली. हवेवर चालणारी, छऱ्याची. धक्का नावालाच. तीच घेतली. ह्यांनी पाहिली असती तर म्हणाले असते – हे काय खेळणं! आणि मग तासभर स्वतःच खेळत बसले असते.

१० मार्च
टिकली निशाणाचा कागद उशाखाली घेऊन झोपते. हेही झोपायचे! कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. नाही सांगितलं – लिहिलं फक्त.

१४ मार्च
मैदान. टिकलीचे सगळे छर्रे जमिनीत. मग नेम शिकवणाऱ्या मास्तरांनी तिच्या नकळत छर्रा न भरताच बंदूक हातात दिली. चाप ओढायच्या आधीच पोरीने डोळे घट्ट मिटले, नळी खाली!

"ही ह्या बंदुकीला नाही घाबरत," मास्तर म्हणाले. "आधी कुणी मोठी दिली होती का हिला?"

"छे! कपाटाची किल्ली आईकडे असते," मुलगा म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मला सुईत दोरा ओवता येत नाही!" सगळे हसले. टिकली नाही हसली.

महिनाभरात दचकणं गेलं नाही तर पुढच्या वर्षी आणा, मास्तर म्हणाले. सूनबाई म्हणते, झोक्यावरून पडली तेव्हापासून भित्रीच झालीय.

१५ मार्च
"आजी, मी भित्री आहे का गं?"
मी केसांना तेल लावत होते. लावत राहिले.

१६ मार्च
टिकली झोक्यावरून पडली नव्हती.

त्या दिवशी ह्यांची पुण्यतिथी होती. घरात आम्ही दोघीच. ह्यांची बंदूक मीच काढली, मीच भरली, परसातल्या मातीच्या ढिगाकडे तोंड करून मीच तिच्या हातात दिली. तिने मागितली नव्हती. खांदा काळानिळा झाला, तेव्हा "झोक्यावरून पडले म्हण" हेही मीच शिकवलं.

माझे हात थरथरतात, मला उडवता आली नसती. आणि तो आवाज मला एकदा ऐकायचा होता.