एकट्या बैलाची चौकट

२ नोव्हेंबर २००९, सोमवार

ट्रॅक्टरला चार दात! आणि ते मीच लावले.

बेल्ह्याच्या बाजारातून एकाचा फोन — "ताई, तुमच्या वेबसाइटवर टॅक्टर चार दाती लिवलाय. तोंड उघडून दावाल का?" मागे सगळे खिदळत होते. बैलाचं वय दातांवरून सांगतात, म्हणून मी तो रकाना केला होता. तो ट्रॅक्टरलाही जाऊन चिकटला.

उमर सर पोट धरून हसले. जुन्नरच्या स्टँडजवळचं हे सायबर कॅफे त्यांचं, आणि खरेदी-विक्रीच्या साइटचं खूळही त्यांचंच. मी इथली एकुलती एक प्रोग्रामर. हसून झाल्यावर म्हणाले, "श्रेया, सोळाच्या बाजारापर्यंत साइटवरून एक तरी सौदा होऊ दे. झाला तर तू कायम. नाय तर बंद करू हे."

बंद म्हणजे मी हडपसरला, मामाच्या ओळखीच्या कॉल सेंटरात. मला जायचं नाही. मला हेच काम करायचंय, इथेच. आईला अजून बोलले नाही.

४ नोव्हेंबर

चूक कळली. प्रत्येक वस्तूच्या पानासाठी वेगळी चौकट, म्हणजे प्रोग्राममधला साचा, लिहायचा कंटाळा, म्हणून मी एकच लिहिली — तीत काहीही कोंबा. आत काय आलंय ते तिला ठाऊकच नाही. आईच्या डब्यांसारखं झालं. बिस्किटांच्या डब्यात मोहरी, चहाच्या डब्यात मीठ. आईला बरोबर सापडतं, पण बाकीच्यांनी चहा करू नये.

५ नोव्हेंबर

सरांनी प्रोग्रामिंगचं पुस्तक टेबलावर आपटलं. "जेनेरिकचं प्रकरण वाच." दोनदा डोक्यावरून गेलं, तिसऱ्यांदा उजेड पडला. चौकट एकदाच लिहायची, पण आत येणाऱ्या वस्तूच्या जागी नुसतं 'टी' हे अक्षर ठेवायचं. पान बनवताना सांगायचं — इथे टी म्हणजे बैल, तिथे टी म्हणजे ट्रॅक्टर. चौकटीची अट एकच: जो येईल त्याला नाव आणि फोटो हवा. आता ट्रॅक्टरला दात विचारले, तर पान लोकांना दिसायच्या आधीच कॉम्प्युटर मला अडवतो.

मुद्दाम विचारून पाहिले. अडवलं! बारावीच्या निकालालाही एवढा आनंद झाला नव्हता.

७ नोव्हेंबर, शनिवार

आनंद दोन दिवस टिकला.

निरगुडसरचे गेणभाऊ तावातावानं आत आले. "माजी जोडी कुनी फोडली?" त्यांची खिलार जोडी विकायची आहे. मी टी म्हणजे बैल असं सांगितलेलं, तर चौकटीनं इमानेइतबारे दोन बैल दोन ठिकाणी मांडले. घाटघरच्या कुणा भिकानं फोन करून त्यातला एकटा डावा मागितला. "आट वर्सं एका जुवाखाली हायेत ती. डावा गेल्यावर उजव्यानं काय करायचं? तुमी शेतकऱ्याच्या ना?"

शेतकऱ्याचीच. म्हणून तर जास्त लाज वाटली.

चहा पाजला, तरी हलेनात. माझ्या खुर्चीमागे उभं राहून बघत बसले. मी जोडी नावाचा नवा प्रकार केला. त्यालाही टी आहे — जोडी, कशाची? बैलांची. मग चौकटीला सांगितलं, तुझा टी म्हणजे ही अख्खी जोडी. चौकटीची एक ओळही बदलावी लागली नाही! एकट्या बैलाचं पान काढूनच टाकलं. गेणभाऊ पडद्याकडे बघून म्हणाले, "हां. आता बराबर."

९ नोव्हेंबर

घाटघरचा भिका पहिल्या एसटीनं हजर. चांगलं सुनवायचं ठरवून बसले होते.

"आमचा डावा दसऱ्याला साप चावून गेला, ताई. एका बैलावर औत चालत न्हाई, आन् जोडी घ्यायची ऐपत न्हाई. भाताच्या वावरात हरबरा टाकायचाय. ओल काय थांबनार हाय व्हय?"

शनिवारी मी जे पान काढून टाकलं, तेच याला हवं होतं. पाच मिनिटांत परत लावलं — चौकट तीच, टी म्हणजे नुसता बैल. पण एकटा बैल विकणारं कुणीच नव्हतं. मग भिकाचाच उजवा त्या पानावर टाकला. 'उजवा आहे. डावा हवा.' सरांनी त्याच्या छापील प्रती काढून एक स्टँडवर चिकटवली, बाकीच्या बेल्ह्याला धाडल्या. वर पुटपुटले, "हा विकतोय का घेतोय, तेच कळंना."

१२ नोव्हेंबर

फोन! घाटघरच्या डोंगरापलीकडच्या वाडीतल्या अंबाबाई. स्टँडवरचा कागद कुणीतरी वाचून दाखवला म्हणे.

"माज्याकडं डावा हाय. त्याचा जोडीदार म्हातारा हून गेला. पर इकायचा न्हाई हां. वारंगुळा करू. आज त्येचं वावर, उंद्या माजं."

वारंगुळा! दोघांचा एकेक बैल एकत्र जुंपून आळीपाळीनं दोघांची शेतं करायची. आजोबांनंतर हा शब्द आजच ऐकला. भिकाला कळवलं, तर तो तसाच अंबाबाईंच्या वाडीकडे निघाला.

सौदे: शून्य.

१४ नोव्हेंबर

भिकाची पेरणी झाली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

मुदत संपली. गेणभाऊंची जोडी विकली गेली, पण बाजारात, जुन्या गिऱ्हाइकाला. आमच्या साइटचा त्यात काही संबंध नाही. सरांनी शटर ओढलं. रागावले असते तर बरं झालं असतं. एसटीत रडू आलं, शेजारच्या बाईनं भुईमुगाच्या शेंगा दिल्या. उद्या मामाला कळवायचं, येते म्हणून.

१७ नोव्हेंबर

सकाळपासून एकोणीस फोन. कालच्या बाजारात भिकाचा कागद वाचलेले — सगळे एकाच बैलाचे धनी, सगळ्यांना जोडीदार हवा. मामाला फोन करायला रिसीव्हरच मोकळा नाही. आत्ता विसावा फोन आलाय, सर बोलतायत — "थांबा राव, आमच्या मॅडमना विचारून सांगतो."