नीट चालणाऱ्या कॉम्प्युटरची तक्रार

राजवाड्यामागची गल्ली,
तंजावूर

श्रीमान राजगोपालराव व्याही, मुक्काम पापनाशम, यांचे सेवेशी वेंकटरावाचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी आणि जयलक्ष्मी बृहदीश्वराच्या कृपेने खाऊनपिऊन ठीक आहोत. तुमचा गुडघा आता देवळाच्या पायऱ्या चढू देतो का? अंबा विहीणबाईंचं रक्तदाबाचं औषध बदललं होतं, ते मानवलं का? भात यंदा जोरात आलं असेल. हे पत्र मी मुद्दाम देवनागरीत लिहितो आहे. आपल्या मुलांच्या लग्नात मंगलाष्टकं वाचायला माणूस सापडेना आणि शोधाशोध केल्यावर अख्ख्या मांडवात ही अक्षरं वाचणारे तुम्ही आणि मी असे दोनच निघालो, हे तुम्ही विसरला नसाल. (बाकीचे सगळे मराठी बोलतात, पण वाचायचं म्हटलं की तमिळ काढतात.) त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. आज त्याची सोय वाटते आहे, कारण हे पत्र घरातल्या कोणाच्याही हाती लागलं तरी बिघडत नाही.

विषय आमच्या कॉम्प्युटरचा. जुनी सिस्टिम होती तेव्हा तो दर दोन महिन्यांनी हटून बसायचा हे तुम्हाला ठाऊक आहेच. निळा पडदा दाखवायचा, ‘बंद करू नका’ म्हणायचा आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. दिवाळीला मुलं आली तेव्हा तुमचे चिरंजीव, आमचे जावई मुरलीकृष्ण, मोठ्या उत्साहाने म्हणाले की आता लिनक्स घालू. पहिल्या दिवाळीला आलेल्या जावयाला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. लोकांचे जावई अंगठीवर रुसतात, आमचे ऑपरेटिंग सिस्टिमवर खूश झाले, असं म्हणून मी मान डोलावली. (अंगठी स्वस्तात पडली असती, हे मला नंतर कळलं.)

लिनक्स म्हणजे एक वस्तू असेल अशी माझी समजूत होती. ते तर गोत्र निघालं! मुरलीकृष्ण एकेकाचं घराणं सांगू लागले. ही अमकीची शाखा, तिच्याशी वाद होऊन वेगळी झालेली ती धाकटी पाती, तिच्यातल्या दोघांचं पटलं नाही म्हणून आणखी एक चूल. भोसल्यांची वंशावळ तोंडपाठ असलेल्या मलासुद्धा घाम फुटला. शिवाय हे सगळं फुकट. तंजावुरात फुकट मिळतो तो देवळातला प्रसाद, आणि त्यालाही रांगेत उभं राहावं लागतं. त्यामुळे जयलक्ष्मीला पहिल्यापासून संशय होता. आतलं काम कसं केलंय ते जगात कोणीही उघडून बघू शकतो, हे जावयांनी कौतुकाने सांगितल्यावर तर ती पदर खोचून पुढे आली. म्हणाली, “अस्क्यांनी आंत डोकावायचं? असलं अम्हाला नोको!” तिजोरी उघडी नाही, फक्त कुलूप कसं घडवलं ते सगळ्यांना दिसतं, असं त्यांनी परोपरीने समजावलं. तिने त्या दिवसापासून कपाटाची किल्ली कमरेला लावली आहे.

त्यात आमचे मेव्हणे चिदंबर आले. हे वीजखात्यातून निवृत्त झाल्यापासून सिस्टिमी बदलतात. कॉम्प्युटरवर ते दुसरं काही करत नाहीत. नवरात्रापासून त्यांचा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर सुटा पडला आहे आणि घरची माणसं जमिनीवर जेवतात. त्यांचं मत असं, की जी सिस्टिम रोज नवं काही आणते ती ताजी, बाकी सगळ्या शिळ्या. मुरलीकृष्ण म्हणाले, ताज्यापेक्षा न मोडणारी बरी. दोघांचं असं जुंपलं की दिवाळीचं तेल लावून बसलेली माणसं तशीच चकाकत वाद घालत राहिली आणि न्हाणीतलं पाणी निवून गेलं. शेवटी जावयांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “मामा, ह्यांत एकच बटण. तें दाबलं की अस्कं एकदम नवं होतं. दर खेपेस अम्ही यायला नोको.” शेवटच्या वाक्याकडे मी नीट लक्ष दिलं असतं तर आज पोस्टाच्या तिकिटाचा खर्च वाचला असता.

आता माझा पराक्रम ऐका. सिस्टिम घालताना तिने विचारलं, भाषा कोणती? दुनियेच्या भाषांची यादी, आणि त्यात आपली मराठी! माझा ऊर भरून आला. साडेतीनशे वर्षं कावेरीकाठी जपलेली भाषा एका यंत्राने आपण होऊन विचारावी आणि मी इंग्रजी म्हणावं? मी मराठीवर बोट ठेवलं. पुढच्या क्षणी घरात सगळे अडाणी झाले. जयलक्ष्मीला वाचता येईना, आमच्या लेकीला, गायत्रीला, येईना, खुद्द जावयांनाही येईना. मग मी चष्मा लावून एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि त्यांनी अंदाजाने बटण दाबायचं, असं काम चाललं. आणि ती मराठी तरी कसली! ‘अद्ययावतीकरण उपलब्ध’ असं मी वाचलं तेव्हा जयलक्ष्मीने हात जोडले. तिला वाटलं संकल्प सुटतो आहे.

मुलं बेंगळुरूला परतल्यावर ते अद्ययावतीकरण पहिल्यांदा आलं ते भर राहुकाळात. तो टळेपर्यंत मी बटणाला हात लावू शकलो नाही, जयलक्ष्मी समोरच बसली होती. मग तिने पडद्याला कुंकू लावलं, चिदंबर काय मोडतं ते बघायला खास रिक्षा करून आले, आणि मी ते एक बटण दाबलं. पेल्यातून डबऱ्यात ओतलेली कॉफी निवायच्या आत सगळं संपलं. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. काहीच बिघडलं नाही. चिदंबर तर रागावून कॉफी न पिता गेले.

तेव्हापासून काहीच बिघडत नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. राजगोपालराव, पूर्वी ते खोकं बिघडलं की गायत्री म्हणायची, “अप्पा, येतोंच,” आणि शनिवारी पहाटे रात्रीच्या गाडीने दोघं हजर. मुरलीकृष्ण ओसरीवर चटई टाकून खोकं उघडून बसायचे, गायत्री झोपाळ्यावर पाय हलवत ऑफिसातल्या बायकांच्या नकला करायची आणि जयलक्ष्मी वड्यांचा घाणा संपवायचीच नाही. खोकं शनिवारी दुपारीच सुरू व्हायचं. पण रविवारी गाडीची वेळ होईपर्यंत त्याचं नाव कोणी काढत नसे. आता रविवारी फोन येतो. कॉम्प्युटर बेस आहे का? बेस आहे. मग झालं. संपला फोन. ‘कामाशिवाय या, तुमच्यावाचून करमत नाही’ असं सरळ सांगावं, तर माझी जीभ रेटत नाही. आमच्या वडिलांनीही कधी मला तसं सांगितलं नाही, छपराची कौलं बदलायची आहेत असंच सांगायचे. झोपाळा रिकामा बघवत नाही म्हणून मी त्यावर धोतरं वाळत घालतो.

असो. फार लिहिलं. लहानांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार आणि तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

आपला,
वेंकटराव

ता. क. तुमच्याकडचा कॉम्प्युटर मात्र दिवाळीपासून तीनदा बंद पडला आणि मुलं तिन्ही वेळा पापनाशमला येऊन गेली, असं ऐकतो. ती गाडी आधी तंजावुरात थांबते. तिन्ही वेळा ती दोघं आमचं स्टेशन झोपेत ओलांडून तुमच्याकडे उतरली. तरी आपणही ही उत्तम, फुकट आणि कधीही न मोडणारी सिस्टिम ताबडतोब घालून घ्यावी, ही नम्र विनंती.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजावी. तुमचाही नीट चालू लागला तर मुलं दोन्हीकडे यायची नाहीत. त्यापेक्षा एक महिना तुमचा बिघडावा, एक महिना आमचा. तुमचा आपोआप बिघडत नाही, पाठीमागची कुठलीशी वायर तुम्ही ओढता, हे विहीणबाईंनी जयलक्ष्मीला सांगितलं आहे. माझा राग नाही. फक्त कुठली वायर ते कळवावं.

ता. क. ३. पाकिटाला डिंक आणायला खाली गेलो तेवढ्यात जयलक्ष्मीने गायत्रीला फोन करून कॉम्प्युटर साफ मेला म्हणून सांगितलं. मुलं या शनिवारी येतायत. तिने झोपाळ्यावरची धोतरंही काढून टाकली. इकडे ते यंत्र ठणठणीत आहे, आत्ताच माझ्यादेखत स्वतःला पुन्हा अद्ययावत करून बसलं. मी सगळ्या वायरी ओढून पाहिल्या, परत लावल्या की ते सुरूच होतं. तरी पत्राने उत्तर नको, हे मिळताक्षणी फोन करा. जयलक्ष्मीने उचलला तरी हरकत नाही, तीही तेच विचारणार आहे.