तुझ्या टॉन्सिलची वडी

प्रिय निहार,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. अनुपमा हे तुझ्या हातात देईल. मानेतली गाठ काढलीस, तिचा रिपोर्ट मुलुंडला आमच्या लॅबमध्ये पडून आहे आणि तू बायकोला दटावतोस, आणू नकोस, काय असणार ते मला माहीत आहे. शहाणाच आहेस.

तुला तुझे वडील दिसतायत, आपले भाऊ. मलाही दिसतात. भांडुपला चाळीसमोर कबड्डीचे सामने लागायचे, भाऊ रेषेपाशी उभं राहून ओरडायचे आणि तू माइकवर त्यांच्या वरताण. मी गॅलरीत पुस्तक उघडून बसायचे. पान काही उलटायचं नाही. कोण चढाईला गेलं, कुणाची पकड झाली, सगळं तुझ्या आवाजावरून कळायचं. मग भाऊ अंथरुणाला खिळले. ब्लड कॅन्सर, एवढा एकच शब्द आपल्या हाती आला आणि त्याच्यापुढे काही विचारायचंही सुचलं नाही. त्यांच्यानंतर तू कितीतरी दिवस माइकला हात लावला नव्हतास.

त्या एका शब्दाच्या पोटात पुष्कळ वेगवेगळे आजार आहेत रे. पेशीत कुठली जनुकं जागी आहेत, हे तिच्यावरच्या खुणांवरून कळतं. एकेका खुणेसाठी वेगळं रसायन घालायचं. खूण असली की काचेवरचा तुकडा तपकिरी होतो. माझी सगळी नोकरी हा तपकिरी रंग बघण्यात गेली.

आठवतंय, ओरडून ओरडून घशाची वाट लावलीस आणि शेवटी टॉन्सिल काढावे लागले? मी तेव्हा लॅबमध्ये नवी डॉक्टर. तुला बोलता येत नव्हतं, तर टॉन्सिल ठेवलेल्या बाटलीकडे बोट दाखवून कागदावर लिहिलंस, लोणचं घालतेस का माझं? मी म्हटलं, ठेवून घेते. कॅन्सर नसलेल्या टॉन्सिलमध्येही या खुणा हमखास सापडतात, म्हणून रसायन नीट चालतंय ना हे बघायला रुग्णाच्या तुकड्याशेजारी असा एक चांगला तुकडा लावतात. तू ऐटीत सही ठोकलीस आणि विसरून गेलास. त्या संध्याकाळी आपण नुसतं आइस्क्रीम खाल्लं. तुला बोलता येत नव्हतं आणि मला येत असून मी बोलले नाही. पुढे बरीच वर्षं त्याची चुटपुट होती. आता नाही. अनुपमा मला फार आवडते.

तुझ्या टॉन्सिलची मेणात बसवलेली वडी मी एकेक पातळ काप काढत जपून वापरली, अगदी कंजूषपणे. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंतच्या किती अनोळखी माणसांच्या शेजारी तू काचेवर बसलायस, तुला पत्ताही नाही.

तुझी गाठ आली तेव्हा वडीत शेवटचे काप तेवढे उरले होते. ते तुझ्याच काचांवर लावले. एका कडेला चोवीस वर्षांचा तू, शेजारी आजचा. मी कितीतरी वेळ मायक्रोस्कोपवरून नजर काढू शकले नाही. मग रडले, आणि मग रिपोर्टवर सही केली. लिम्फोमा आहे, निहार, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. पण सीडी-ट्वेंटी नावाची खूण दोन्हीकडे ठळक तपकिरी आली, आणि तीच खूण हेरून पेशीला धरणारं औषध आज आहे. बाकीच्या खुणाही बऱ्यापैकी तुझ्या बाजूने आहेत. बरा होशीलच असं लिहून देत नाही. पण भाऊंच्या वेळी हाती नुसता एक शब्द होता, तुझ्या वेळी खुणा आहेत, आणि त्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. सोमवारी सकाळी मी दारात येतेय, तिघांनी डॉक्टरांकडे जायचं. नाटकं नकोत. वडी संपली रे. तुझं असं माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही, म्हणून तू हवास.

तुझीच,
गंधाली