नव्या पंज्याची खंडेनवमी

॥ श्री ॥
जानोरी, ८ सप्टेंबर २०२५

ती. छायाआत्यास, दीपमालेचा सा. न. वि. वि.

परवा फोन तू आपटलास की मी, यावर वाद नको. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि ऐकायला कुणी उरत नाही. म्हणून आजपासून कागद. इथे तरी तुला माझं वाक्य मध्येच तोडता येणार नाही. बाकी इकडे ठीक. नानांचा ऑपरेशन झालेला गुडघा आता जिना चढतो. कुरकुरत चढतो, पण चढतो.

आता मुद्द्याचं. रस्त्याकडची जुनी द्राक्षबाग मे महिन्यात जेसीबीने उपटली, हे तुला ठाऊक आहेच. त्या दोन एकरांतली खोडं आणि मुळ्या अजून ढिगाने तिथेच पडल्या आहेत. आता काळ्या चिखलात जेसीबी घातला तर तो रुतेल आणि वर येताना पाइपलाइन फोडेल. ढीग हलल्याशिवाय नांगरट नाही, आणि नांगरट झाल्याशिवाय जानेवारीत माझी नवी लागवड नाही. तुझ्या दादाने, म्हणजे आमच्या नानांनी, मला मुदत दिली आहे. दिवाळीच्या पाडव्याला वावर मोकळं दिसलं तर ते मी कसायचं, नाहीतर लग्नाच्या लॉन्ससाठी भाड्याने द्यायचं. लॉन्सवाला दोनदा चहा पिऊन गेला. कमान कुठे उभी राहील तेही त्याने नानांना बोटाने दाखवलं. आत्या, माझ्या द्राक्षांच्या जागी लोक पनीरसाठी रांग लावणार!

मागे विहिरीजवळची बाग काढली तेव्हा कुसाबाईच्या टोळीने सगळी खोडं डोक्यावरून वाहिली होती. यंदा ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, माणूस मिळत नाही. म्हणून आपल्या छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला बकेट काढून हायड्रोलिक पंजा बसवायचा ठरवलाय. खाली लोखंडी दात आणि वर जबडा. लिव्हर ओढला की तेलाच्या दाबाने जबडा मिटतो आणि खोडांचा भारा उचलून धरतो. ओझरचे जमीलभाई बसवून देणार आहेत. फोनवर तू ‘गरिबाच्या पोटावर’ इथपर्यंत आली होतीस. पुढचं लिहून पाठव.

लोभ गृहीत धरते; राग असेल तर तोही पानभर यावा.

तुझी
दीपमाला


नाशिकरोड, ११ सप्टेंबर

चि. दीपमालेस छायाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोन तू आपटलास.

मी यंत्राची वैरीण नाही, हे आधी डोक्यात घाल. एकलहऱ्याच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी दिसायची. विजेने बाईचं जातं सुटलं हे मी किमान शंभर सभांत सांगितलं आहे. पण प्रत्येक सभेत मी आणखी एक प्रश्न विचारत आले, तो तुलाही विचारते. यंत्र आलं की घाम कुणाचा वाचतो आणि भाकरी कुणाची जाते? मालकाला वाटतं काम लवकर झालं. ज्याच्या हातून ते काम गेलं त्याचं काय झालं, हे पाहायला मालक थांबत नाही. तुझ्या पत्रात पाइपलाइनची काळजी आहे, नांगरटीची आहे, पनीरच्या रांगेचीसुद्धा आहे. कुसाबाईच्या टोळीतल्या नऊ बायांबद्दल एवढंच, की ‘माणूस मिळत नाही’. मिळत नाही म्हणजे? तू कुसाबाईच्या दारात गेलीस का? तिला विचारलंस का? शेतीची पदवी घेतलेली मुलगी तू, दोनशे पावलांवरच्या बाईला न विचारता तिचं काम लोखंडाला देऊन मोकळी झालीस!

आधी विचार. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिही, तुझी साखर न पेरता. दादाला सांग, लॉन्सवाल्याला बिनसाखरेचा चहा द्यावा.

भांडण चालू राहो, माया कमी न होवो.

तुझी
छायाआत्या


जानोरी, २४ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

विचारलं. उशीर झाला याची लाज वाटते, तेही लिहून टाकते.

कुसाबाई ओट्यावर मेथी निवडत होती. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. आधी ती पदर तोंडाला लावून हसली. मग मान वळवून मणका दाखवला. विहिरीजवळच्या बागेची खोडं वाहिली तेव्हापासून तिच्या डाव्या हाताला मुंग्या येतात, भाकरी थापताना हात मध्येच झोपतो. तिचा निरोप जसाच्या तसा देते. आत्याबाईला सांग, भाषन लय भारी हाय, पन एक खोड डोक्यावर घेऊन बांधापत्तुर जाय आन मंग माईक धर. मला म्हणाली, ओझं गेलं तर जाऊ दे, हजेरी नाय गेली पायजे. आणि त्या लिव्हरवर आमच्यातलीच बाई बसंल, गावातला कुनी टोपीवाला नाय. मी विचारलं, कोण बसेल? तर म्हणाली, मी काय मेले का?

तेव्हा ठरलं असं. ढिगांत अडकलेल्या मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल टोळीने आधी वेचून काढायचे, नंतर छाटणीचं काम आपल्याच उरलेल्या बागेत, आणि पंज्यावर मी आणि कुसाबाई आळीपाळीने. लिव्हर उजव्या हाताला आहे, त्यामुळे डाव्याला सुट्टी.

जमीलभाईंनी दोन दिवसांत पंजा बसवला. लोडरच्या व्हॉल्व्हला दोनच लिव्हर होते, एक वरखाली करायचा, एक बकेट वाकवायचा. जबड्यासाठी तिसरा बसवावा लागला. नळ्या आखूड पडल्या तर लोडर वर जाताना तुटतात, लांब पडल्या तर चिमटतात. म्हणून त्यांनी चार वेळा मापं घेतली. पहिल्यांदा चालू केला तेव्हा मिटायचं म्हटलं की जबडा उघडायचा. नाना खुर्चीवरून म्हणाले, अगदी छायासारखा आहे. जमीलभाईंनी नळ्यांची अदलाबदल केली आणि तो सरळ झाला. नानांचं म्हणणं, हा उपाय छायावर करून बघायला हवा होता.

मग मी हौसेने मोठा भारा उचलला, तर ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीवरून सुटली. जमीलभाई असे ओरडले की बगळे उडाले. आता मागे सिमेंट भरलेला ड्रम अडकवलाय, आणि भारा उचलला की गुडघ्याच्या वर न्यायचा नाही असा नियम. कुसाबाई पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा नीट चालवायला लागली. सध्या शेणखतासाठी बकेट लागतेय, म्हणून पंजा काढून, नळ्यांच्या तोंडांना टोप्या घालून शेडमध्ये ठेवलाय. दसरा झाला की कामाला लागणार.

खंडेनवमीला ये. अवजारांची पूजा तूच करायची, नानांना खाली बसता येत नाही.

वाट पाहते, आणि तू उशिरा येशील हेही धरून चालते.

तुझी
दीपमाला


नाशिकरोड, ४ ऑक्टोबर

चि. दीपमालेस अनेक आशीर्वाद.

कालच घरी पोचले. तुमच्या झेंडूचा वास अजून पिशवीला आहे.

कुसाबाईचा निरोप मला लागला, आणि लागायलाच हवा होता. त्यामुळे नवमीला मी तुमच्या वावरात एक खोड उचलून पाहिलं. डोक्यापर्यंत गेलंच नाही, कमरेशीच बसकण मारली. तिने ते पाहिलं आणि दयेने मान फिरवली. पंज्याच्या बाबतीत मी माझं म्हणणं मागे घेते. प्रश्न मागे घेत नाही, तो पुढच्या प्रत्येक यंत्राला विचारणार.

पूजा मात्र मनासारखी झाली. लोक म्हणतात, आत्याबाई देवळात जात नाहीत आणि खंडेनवमीला कशा ताट घेऊन निघतात? मी देवाला नाही, कामाला कुंकू लावते. तुम्ही अंगणात तोरणं बांधत होता तेव्हा शेडमध्ये मी एकटीने विळा, कोयता, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, एकेकाला हाताने पुसून हळदकुंकू वाहिलं. नव्या पाहुण्याचं तर जास्तच, कानाकोपरा सोडला नाही. नंतरचं माझं भाषण जरा लांबलं, हे कबूल. पण जमीलभाई शेवटपर्यंत थांबले आणि शिरखुर्म्याला बोलावूनही गेले, हे तुझ्या नानांना सांग.

काम सुरू झालं की कळव. माया आहेच, ती मोजत बसू नये.

तुझी
छायाआत्या


जानोरी, ११ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र रागात लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

दसऱ्यानंतर चार दिवस वावर वाळू दिलं, मग पंजा जोडला. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी कुसाबाईने भारा उचलला आणि जबडा उघडेचना. लिव्हर पुढे, लिव्हर मागे, काही नाही. ट्रॅक्टर भर वावरात, तोंडात खोडं धरून उभा. कुसाबाई खाली उतरायला तयार नव्हती. म्हणाली, ह्यो सोडत नाय तर मी बी सोडत नाय.

जमीलभाईंनी व्हॉल्व्ह उघडला. आत लालसर चिखल! तेलात भुकटी गेली होती आणि व्हॉल्व्हची दांडी जागेवर अडकली होती. नळ्यांच्या तोंडात तोच लाल थर. ते म्हणाले, नळीच्या तोंडाशी बोटभर घाण गेली तरी पूर्ण यंत्राला विष होतं, टोप्या त्यासाठीच असतात, आणि त्या कुणीतरी काढून परत लावल्या आहेत. त्यांना ती विटकरीची भुकटी वाटली.

शेडची किल्ली नानांच्या कमरेला असते. शेडच्या मागे विटांचा ढीग आहे. लॉन्स कुणाला हवंय? मी सरळ नानांना विचारलं की हे तुम्ही केलंत का. सगळ्यांसमोर विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हो नाही की नाही नाही. काठी घेतली आणि आत गेले. तीन दिवस ताट खोलीत मागवून जेवतात. जमीलभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, कोंडाजीनाना असलं करणार नाहीत, बेटा. पण मग आत्या, ते बोलत का नाहीत?

तेल बदलायचं, व्हॉल्व्ह धुवायचा, सील नव्या टाकायच्या. सीलचा नंबर जमीलभाईंनी लिहून दिलाय, मागे जोडते. नाशिकचा दुकानदार म्हणतो दिवाळीनंतर. पाडव्याला अकरा दिवस उरले. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर बघ.

या वेळी लोभाऐवजी सीलच पाठव.

तुझी
दीपमाला


नाशिकरोड, १३ ऑक्टोबर

चि. दीपा,

हे पत्र एकटीने वाचू नकोस. दादाच्या खोलीत जा, दार उघड, त्याच्यासमोर उभी राहून मोठ्याने वाच.

ती विटकर नाही. ते कुंकू आहे, आणि ते मी घातलं.

नळ्यांच्या तोंडांना त्या टोप्या पाहिल्या. मला वाटलं, नव्या फ्रिजला चिकटवलेलं प्लास्टिक असतं, तसलंच काहीतरी असेल. उघड्या लोखंडाला कुंकू लागलं पाहिजे, प्लास्टिकला कसलं लावायचं, म्हणून मी त्या काढल्या. आत बोट घालून ओली हळद लावली, वर चांगली चिमूटभर कुंकवाची, आणि पुन्हा व्यवस्थित टोप्या बसवल्या. व्यवस्थितपणाचा अभिमानही वाटला. मग बाहेर येऊन श्रमाच्या प्रतिष्ठेवर पाऊण तास बोलले. ज्या हाताचं मी कौतुक करत होते, त्याच हाताचं काम मी दहा मिनिटांपूर्वी बंद पाडून आले होते.

आयुष्यभर लोकांना सांगितलं, न विचारता दुसऱ्याच्या कामात हात घालू नका. तुलाही महिन्यापूर्वी तेच सुनावलं. जमीलभाई दहा पावलांवर उभे होते. मी त्यांना विचारलं नाही.

आता दादाबद्दल. मी शेडमध्ये होते तेव्हा तो दारात काठी टेकून उभा होता. त्याने मला टोप्या काढताना पाहिलं. तेव्हा त्यालाही काही कळलं नसणार. पण तू लाल चिखल दाखवलास त्या क्षणी कळलं असणार. त्याने माझं नाव घेतलं नाही. बहिणीची सगळ्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून स्वतःच्या मुलीचा आळ अंगावर घेतला. दादा, हे तुझ्यासाठी: असं पुन्हा केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि मी बोलले नाही तर काय होतं हे तू आजवर पाहिलेलं नाहीस.

दीपा, त्याच्या पाया पड. मग माझ्या नावाने हवं तेवढं ओरड.

दुकानदाराची ‘दिवाळीनंतर’ म्हणायची सवय आज मोडून आले. त्याच्या काउंटरपाशी स्टुलावर बसले आणि शेती, स्त्रिया आणि सुटे भाग या विषयावर बोलू लागले. विसाव्या मिनिटाला त्याने गोदामातून सील काढल्या. हे पत्र आणि पुडकं दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतेय, थांब्यावर जाऊन घे.

माफी मागते; मिळेल तेव्हा मिळो.

छाया


जानोरी, २२ ऑक्टोबर, पाडवा

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, नानांसमोर, उभं राहून. अर्ध्यावर मी कागद त्यांच्या हातात दिला. उरलेलं नानांनी चष्मा लावून स्वतः वाचलं. मी पाया पडले तर म्हणाले, गुडघा नवा आहे, त्यावर डोकं आपटू नकोस. तुझं नाव का घेतलं नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, घेतलं असतं तर ती खुलासा द्यायला आली असती, आणि खुलासा कमीत कमी दोन तास चालला असता. त्या दिवसापासून जेवायला बाहेर येतात.

तुझ्यावर ओरडायचं राहून गेलं, वेळच नव्हता. जमीलभाईंनी व्हॉल्व्ह तीनदा रॉकेलने धुतला, सगळं तेल बदललं, सील टाकल्या. सोळाला जबडा उघडला तेव्हा टोळीतल्या नऊच्या नऊ बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सकाळी कुसाबाई, दुपारी मी. खोडाचा भारा धरायचा, खाली धरूनच बांधापर्यंत न्यायचा, सोडायचा. मधे एकदा पाऊस येऊन गेला, एक दिवस बुडाला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा कुसाबाई आली. घरी सांगून आली होती की लक्ष्मी तिकडं वावरात हाय. काल दुपारी तिने शेवटचा ढीग उचलला, ट्रॅक्टर बंद केला आणि सीटवरून पूर्ण वावरावर नजर फिरवली. म्हणाली, आता हितं पळता यील.

आज सकाळी लॉन्सवाला आला. पेढे, हार आणि मोजायचा टेप घेऊन. नानांनी त्याला बसवलं, चहा दिला, साखर घालून. मग काठी घेऊन त्याच्याबरोबर बांधापर्यंत गेले. मी मागे. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोन एकरांत एक काडीसुद्धा दिसत नव्हती. तो टेप उलगडायला वाकला, तर नानांनी काठी त्याच्या टेपवर ठेवली आणि शांतपणे सांगितलं की दुसरीकडे बघा, हे वावर रिकामं नाही.

फराळाला लवकर ये, अगत्य आहेच.

तुझी
दीपमाला