डावा पंख ब्रशचा, उजवा गनचा

रविवार, ५ ऑक्टोबर १९९७

ब्रश! विमानाला ब्रश!

एकतीस वर्षं पेंट शॉपमध्ये काढली, शेवटची अकरा फोरमन म्हणून. आणि आज बहिणीच्या अंगणात बसून ऐकून घ्यावं लागलं की विमानाच्या पंखाला रोगण ब्रशनं लावायचं. फाटकाला लावतात तसं.

आमचे पाव्हणे, बहिणीचे मालक, गोरक्षनाथ मास्तर. हायस्कुलात विज्ञान शिकवतात. सात वर्षं झाली, केडगावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधतायत. एक माणूस बसेल एवढं. धड प्लायवूडचं, ते कधीच झालंय. पंख म्हणजे लाकडाच्या बारीक फासळ्या आणि त्यांवर कापड. माझ्या बहिणीनं, मुक्तानं, शिलाई मशीनवर त्याच्या खोळी शिवल्यात, उशीला अभ्रा शिवावा तशा. त्या पंखांवर चढवायच्या आणि वर डोप मारायचं. डोप म्हणजे पातळ, उग्र वासाचं रोगण. वाळलं की कापड ओढून घेतं, डफासारखं ताठ करतं.

"पुस्तकात लिहिलंय दादा, पहिले दोन हात ब्रशनंच द्यायचे."

पुस्तकात! त्या पुस्तकवाल्यानं माझ्या हातची जीप बघितलेली नाही. दाढी करायला आरसा लागायचा नाही, अशी जीप. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही इंजिन बघा. रंग माझ्यावर सोडा." मास्तर हसले. त्यांचं ते हसणं मला लग्नापासून माहीत आहे. नाही म्हणायची धमक नसली की ते हसतात.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मास्तरांनी तज्ज्ञ आणला. कोण? अल्लाबक्ष. नगरात ताबूत करतो. बांबूचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, कागद, बेगड. चाळीस वर्षं हेच करतोय. मोहरमला मीही ताबुताला हात जोडतो, तो प्रश्न नाही. पण ताबूत माणसांच्या खांद्यावरून जातो. त्याला वारा कापत आभाळात जायचं नसतं. एवढं मास्तरांच्या डोक्यात येऊ नये? बी.एस्सी. झालेत म्हणे.

अल्लाबक्ष सत्तरीचा. खिशात चष्मा, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं खोळीचं कापड गालाला लावून बघितलं. गालाला! मग म्हणाला, "फोरमनसाहेब, कापडाला पेयला लागतं. आमी खळ पाजतो ना, तसं. ब्रशनं दाबून पाजलं तर आरपार जातं, लाकडाला धरतं. वरनं फवारलं तर नुस्तं तोंड ओलं व्हतं."

मी विचारलं, "कधी स्प्रे गन हातात धरलीय का?"

"न्हाई जी."

मग विषयच मिटला. मुक्तानं चहा आणला. त्याला आधी दिला, वयानं मोठा म्हणून. ठीक आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मास्तर घरी आले होते, पुस्तक बगलेत. त्यांनी चित्र उघडून दाखवलं. म्हणाले, "या लहान विमानाला फासळीवर टाके नाहीत, दादा. कापड फासळीला धरून ठेवतं ते डोपच. वर गेल्यावर ते सुटलं तर पंख संपला."

"आणि त्या पंखाखाली कोण असेल?" मी विचारलं.

"मीच."

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी काय मरायला पाठवतोय? तसं तोंडावर म्हणायचं होतं. म्हणालो नाही. एवढंच म्हणालो की माझा हात हलका आहे, गननं थर पातळ बसतो, वजन वाढत नाही. ब्रशनं शेणानं सारवल्यासारखं होईल, मग उडवा म्हशीला. मास्तर पुन्हा हसले.

खंडेनवमी

शेडमध्ये पूजा. रंधा, करवत, पाने, माझा कॉम्प्रेसर, गन, सगळं धुऊन पुसून मांडलं. झेंडूच्या माळा घातल्या. अल्लाबक्षही आला. त्यानं आपला ब्रश रांगेच्या टोकाला ठेवला, माझ्या गनपासून हातभर लांब. निदान तेवढी समज आहे.

पंखांवर अजून खोळी चढलेल्या नाहीत. उघड्या फासळ्या. मुक्तानं काय करावं? ओल्या कुंकवाची वाटी घेऊन दोन्ही पंखांच्या एकूण एक फासळीला बोट लावत गेली. डावीकडं चौदा, उजवीकडं चौदा. नवऱ्याच्या विमानाची एक फासळी सुटू दिली नाही.

मी म्हणालो, "मुक्ता, हे पुसून काढावं लागेल. थिनरच्या फडक्यानं निघेल. डोपखाली रंग राहिला की वर येतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. "दादा, मला कुंकू पुसायला सांगतोस?"

थिनर परत फळीवर ठेवला. एकतीस वर्षांत असली अडचण पेंट शॉपमध्ये कधी आली नव्हती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मास्तरांनी निकाल दिला. डावा पंख अल्लाबक्षनं ब्रशनं करायचा, उजवा मी गननं!

म्हणजे पुस्तकावर विश्वास आहे, पण बायकोच्या थोरल्या भावाला नाही म्हणवत नाही. म्हणून पंख वाटून दिले, दोन भावांत वावर वाटून द्यावं तसे. सात वर्षं ज्या वस्तूसाठी हा माणूस धड जेवला नाही, त्या वस्तूचे असे दोन वाटे? मी त्यांच्या जागी असतो तर मला शेडबाहेर काढलं असतं. पण मास्तरांकडून ती अपेक्षा नाही. असल्या माणसानं आभाळात जायची हौस कशाला धरावी?

रविवार, १९ ऑक्टोबर

डावा पंख. अल्लाबक्षनं सकाळी आठला सुरुवात केली, दुपारच्या नमाजाला थांबला, परत लागला. बोटं दाबून, रगडून, एकेक वीत. एवढ्या वेळात मी अख्खी बस रंगवली असती. मी खुर्ची टाकून बसलो होतो. मधेमधे विचारत होतो, "काय अल्लाबक्षभाई, पाजलं का? ढेकर दिला का कापडानं?"

तो मान वर करत नव्हता. एकदाच म्हणाला, "पितंय, साहेब."

संध्याकाळी गंमत. वाळलेल्या पांढऱ्या कापडावर गुलाबी ठिपके वर आले. चौदाच्या चौदा. मुक्ताचं कुंकू! एकेक ठिपका रुपयाएवढा फुटलेला, कडा पसरलेल्या. पंखाला गोवर आलाय जणू.

मी इतका हसलो की ठसका लागला. मास्तर मान खाली घालून उभे. मुक्ताचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "माझ्यामुळं झालं का रे?"

"तुझ्यामुळं नाही, ब्रशमुळं. उद्या माझा पंख बघ," मी म्हणालो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

उजवा पंख. हवा कोरडी, कॉम्प्रेसर शांत चालला. गन हातभर लांब धरली, बारीक धुकं सोडलं, पातळ हात दिले. दोन दिवसांत आठ. ओघळ नाही, ठिपका नाही, ब्रशचा एक केस नाही. पांढरास्वच्छ. कुंकवाचं नावही नाही. बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं.

सगळ्यांना बोलावलं. डावा बघा, उजवा बघा. याला काम म्हणतात.

अल्लाबक्षनं चष्मा लावला. पंखावर वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या पंखाला कुंकू न्हाई आलं, फोरमनसाहेब?"

"नाही येणार," मी म्हणालो.

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, ब्रश फडक्यात गुंडाळला आणि केडगावच्या स्टॉपवर एस.टी.साठी गेला. हरलेला माणूस शेवटी असलंच काहीतरी बोलतो.

रविवार, २६ ऑक्टोबर

दोन्ही पंखांवर चंदेरी मारली, वर पिवळा. सगळं गननं, सगळं मी. आता दोन्ही सारखे दिसतात. गोवर झाकला एकदाचा. मास्तर म्हणाले, "दादा, तुमच्या हाताला तोड नाही." ते मनापासून म्हणाले, एवढं मला कळतं. पण मास्तरांना रंगातलं काय कळतं?

परवानगीचा कागद मागच्याच महिन्यात आलाय. ट्रकही ठरला. दिवाळी झाली की सोमवारी, तीन तारखेला, खर्ड्याच्या माळावर नेऊन उडवायचं. मास्तरांच्या चुलत्याची जमीन आहे तिथं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

मुक्ता फराळाचा डबा घेऊन आली होती. बसली, इकडचं तिकडचं बोलली. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "दादा, मी दोन्हीकडं सारखंच लावलं होतं. उजवीकडं तर जरा जास्तच. वाटी संपवायची होती म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. तिकडं का आलं नाही, एवढंच."

बायकांना काय, कशाचंही काहीही. चिवडा चांगला झालाय.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

सकाळी केडगावला गेलो. मास्तर आणि मुक्ता दिवाळीच्या खरेदीला नगरात. शेडची किल्ली नेहमीप्रमाणे खिडकीत होती.

डाव्या पंखावर टिचकी मारली. टण्ण. फासळीवर मारली, फासळ्यांच्या मधे मारली, सगळीकडं एकजीव आवाज.

उजव्यावर मारली. मधे टण्ण. फासळीवर फट. दुसऱ्या फासळीवर फट. तिसऱ्या. मी मोजत गेलो, चौदाव्यापर्यंत.

मग खालच्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ब्लेडनं चार बोटं चीर दिली आणि कापड उचललं. कांद्याचा वरचा पापुद्रा निघतो तसं निघालं. जोर लावावा लागला नाही. आत फासळीवर मुक्ताचं बोट होतं. कुंकू जसंच्या तसं, कोरडं. मी हात लावला तर पूड बोटावर आली. डोप तिथवर पोचलंच नव्हतं. हातभर लांबून फवारलेलं, हवेतच अर्धं वाळलेलं, ते नुसतं वरवर बसलं. पत्र्याला ते चालतं. पत्र्याला काही प्यायचं नसतं.

तो म्हातारा त्या दिवशी वाकून बघत होता, तेव्हाच त्याला कळलं होतं. त्यानं विचारलंही. मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंय.

पंखाला त्याच कापडाची पट्टी चिकटवली, वर पिवळा मारला. दिसत नाही. या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

कुणाला काही बोललो नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

मास्तरांनी पाडव्याला नवा शर्ट घातला होता. म्हणाले, "हाच सोमवारी घालणार, दादा." खिशाला पेन लावून दाखवला. आभाळात पेन कशाला लागतो, कुणास ठाऊक.

पुस्तकात कुठंतरी लिहिलं असेल की एवढं चालतं म्हणून, असं वाटलं. मागून घेतलं. इंग्रजीच, अडखळत पण नीट वाचलं. कुठंही लिहिलेलं नाही. उलट एका पानावर मास्तरांनी पेन्सिलीनं रेघ मारलीय, पहिले दोन हात ब्रशनं त्या ओळीखाली. दोनदा मारलीय. एवढं माहीत असून हा माणूस माझ्यासमोर हसत राहिला. याला मी आयुष्यभर भित्रा म्हणत आलो. याला मेव्हण्याला नाही म्हणायची भीती. मेव्हण्याला काय झालंय? त्याला म्हाताऱ्या ताबूतवाल्यासमोर चुकलं म्हणायची भीती. त्यासाठी तो बहिणीचा नवरा वर पाठवायला निघालाय.

थू.

भाऊबीज

सकाळी ओवाळून घ्यायला बसायच्या आधी शेडमध्ये गेलो. उजवा पंख टोकापासून बुडापर्यंत ब्लेडनं फाडला. चौदाही फासळ्या उघड्या केल्या. मग हात धुऊन पाटावर बसलो.

मुक्तानं कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळणी म्हणून मी ताटात उजव्या पंखाच्या कापडाचा, फासळीवरचा तुकडा टाकला. तिनं तो उलटा करून बघितला. पिवळ्याच्या मागची बाजू पांढरी, कोरडी. कुंकवाचा डाग नाही.

"हे उजव्याचं?"

"हो. माझं."

मास्तर दारात उभे होते, नवा शर्ट घालून. त्यांनी मुक्ताच्या हातातून तुकडा घेऊन बोटानं चोळला. मग ते म्हणाले, "म्हणजे उद्या नाही."

हसले नाहीत.

मुक्ता मशीनवर नवी खोळ कापायला बसलीय. मी अल्लाबक्षकडं निघालोय. ब्रश कसा धरायचा, ते विचारायला.