डाव्या हाताची वीत

मी, गॅरेजवाली, वय त्रेपन्न, शाळा चौथीपर्यंत, हे माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरनं तपासून तसा कागद दिलाय. कुणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचाय. छाती आता भरवशाची राहिली नाही, म्हणून घाई.

१. गॅरेज आणि सगळी हत्यारं माझ्या मोठ्या मिस्त्रीला, ज्याला सगळे ढोल्या म्हणतात. अट एकच. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, ऑटोमॅटिक गाडीला हाय-स्टॉल कन्व्हर्टर टाका, गाडी उडाली पाहिजे. ढोल्या, आधी विचार: इंजिनात काय बदललंय, गाडीचं वजन किती, तेल थंड ठेवायला वेगळा कूलर लावणार का. साध्या इंजिनाला तो बसवला तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही, आणि हलते तेव्हा सुटते. आणि माप टेपनंच घ्यायचं. हातानं घेतलंस तर माझं भूत तुझ्या मानगुटीवर बसेल.

२. धाकट्या दिराला कोपऱ्यात पडलेल्या गाडीचा हॉर्न. अकरा वर्षं स्वतःच्या बहिणीला "भावाला खाल्लंस" म्हणून बोंबलत फिरला, त्याला शोभेल. बाकी एक नटही नाही.

३. घर आणि बँकेत असेल ते माझ्या नणंदेला. हे उपकार नाहीत. का, ते लिहिते.

कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तेलानं भरलेला बंद डबा. साधा आणि हाय-स्टॉल दिसायला सख्खे भाऊ. वरचा नंबर घासला गेला असेल तर रुंदी बघायची. हाय-स्टॉल लहान असतो. मी उजव्या हातानं मोजायचे. एक वीत चार बोटं म्हणजे साधा, एक वीत दोन बोटं म्हणजे हाय-स्टॉल. कधी चुकले नाही. अकरा वर्षांपूर्वी घरच्या गाडीसाठी डबा निवडला, त्या दिवशी उजवा हात भाजून पट्टीत होता, म्हणून डाव्यानं मोजलं. डाव्या करंगळीचं पेर इंजिनाच्या पट्ट्यात कधीच गेलंय, ती वीत तोकडी. लहान डबा मोठा भरला. नवरा म्हणाला, "अगं, टेप लाव." मी म्हणाले, "माझा हातच टेप आहे."

तोच डबा गाडीत बसला. दुपारी सव्वाचारला नणंद ती चढावरून गॅरेजात घेत होती. नवरा भिंतीला पाठ करून हातानं "ये, ये" करत होता. गाडी हलेना. तिनं आणखी दाबलं. इंजिन ओरडलं आणि गाडी सुटली.

पोलिसांनी लिहिलं, बाईनं घाबरून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. महिन्यानं मी गिअरबॉक्स उतरवला, टेप लावला. चोवीस सेंटिमीटर, म्हणजे हाय-स्टॉल. डबा पोत्यात बांधून खाटेखाली सारला आणि तोंड शिवलं. नणंद तेव्हापासून चढावर पाय ठेवत नाही, मागच्या बोळानं येते-जाते.

कोपऱ्यातल्या त्या गाडीत आता बॅटरी नाही, गिअरबॉक्स नाही. तरी रोज सव्वाचारला तिचं इंजिन ओरडत चढतं. नुसतं चढतं. एकदा नणंदेला विचारलं, तुला ऐकू येतं का. "गाडी नाही, वहिनी. मला दादाचं 'ये, ये' ऐकू येतं," म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

४. हे मी मेल्यावर वाचायचं ठरलं होतं. पण आज साक्षीदार बसलेत आणि नणंद सगळ्यांना चहा घेऊन आली. तो पिऊन सही करवेना. तिसरं कलम मोठ्यानं वाचलं. तिनं ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "टेप कुठाय?"

पोतं तिनंच सोडलं, तिनंच मोजलं. चोवीस. मग माझा डावा हात ओढून डब्यावर ताणून धरला आणि उरल्या जागेत माझी उजवी बोटं एकेक करून ठेवली. चार.

"घराचं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही मेल्यावर मला हे नकोय, वहिनी. उद्या सकाळी. धाकट्यासमोर आणि पोलिसांसमोर, तुमच्या तोंडानं."

मी हो म्हणालेय. कलम तीन तसंच राहील, पण हा कागद उद्या, मी जिवंत असताना उघडायचा.

सव्वाचार झाले. इंजिन चढलं. आज तिनंही मान वर केली.

सही: गॅरेजवाली (डाव्या हाताचा अंगठाही उमटवला आहे)

साक्षीदार: १. दवाखान्याचा डॉक्टर २. शेजारची टायरवाली. दोघांच्या सह्या माझ्या डोळ्यांदेखत.

ठिकाण: गॅरेजमागची खोली
तारीख: नऊ, महिना दहावा