पदराच्या गाठीतल्या दोन गोळ्या

प्रिय दिपू,

उद्या शेजारचा जितेंद्र आईला गाडीने धुळ्याला तुझ्याकडे आणून सोडेल. शुक्रवारी तिच्या पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन, आणि मी इथे पिंप्राळ्यात पाय प्लास्टरमध्ये घालून बसलोय. या वयात स्कूटर चालवू नका, असं तू बजावलं होतंस. पण ऐकेल तो तुझा नाना कसला! हे पत्र आईच्या नकळत जितेंद्रच्या हाती देतोय. फोनवर बोलायचं तर ती शेजारीच बसलेली असते.

आईची सकाळची गोळी तुला ठाऊक आहे. आठ वाजता चहा, बिस्कीट आणि मग गोळी. गेली एकोणतीस वर्षं ती मीच तिच्या तळहातावर ठेवतो. ती शक्तीची गोळी, असं आम्ही तुला सांगत आलो. मलाही हवी, म्हणून तू हट्ट धरायचीस आणि मी तुझ्या हातावर शेंगदाणा ठेवायचो. किती खूश व्हायचीस! काल दवाखान्यातून कुणीतरी फोनवर सांगितलं, आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, सगळ्या गोळ्या बंद. आईने लगेच मान डोलावली. उपवास म्हटला की तिला चेवच चढतो, आणि मला त्याचीच भीती वाटते.

कापडण्याच्या घरचा कानबाईचा सण आठवतो? तू पाच वर्षांची होतीस. श्रावणातला रविवार, घरात सगळे भाऊबंद जमलेले. सोवळ्याओवळ्यात गोळी कशी घ्यायची, म्हणून शनिवारची आणि रविवारची अशा दोन्ही गोळ्या आईने गुपचूप पदराच्या गाठीला बांधून ठेवल्या. आरतीच्या वेळी ती थरथरायला लागली, घामाने निथळली आणि देवीच्या पाटासमोर कोसळली. बाया ओरडल्या, "माय उनी, कानबाई माय उनी!" कुणी मळवट भरला, कुणी ओटी भरली. माझ्या बहिणीने, तुझ्या भिकुआत्याने, तर नातवाला तिच्या पायावर घातलं. तू इवलेसे हात जोडलेस. आणि दिपू, मीसुद्धा हात जोडून उभा होतो. पाया पडायला वाकलो तेव्हा तिचे पाय गारठलेले लागले आणि पदराची गाठ दिसली. मग जीप, धुळं, इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि प्रसादाचे रोट वाटले का, म्हणून विचारलं. आईच्या अंगात कानबाई आली होती, असं तू अजून मैत्रिणींना सांगतेस. आम्ही कधी खोडून काढलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. संकटात आपलं शरीर जो रस आपोआप जास्त तयार करतं, तो हिच्या शरीरात तयारच होत नाही. ही गोळी म्हणजे तोच रस. ताप असो की ऑपरेशन, ती मनाने बंद करायची नाही. उलट अशा वेळी जास्त लागते, आणि किती, कशी, सुईतून की सलाईनमधून, ते डॉक्टर ठरवतात. म्हणून गुरुवारीच भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः भेट. औषधाची जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट पत्रासोबत ठेवलंय. आई म्हणेल, काही नाही, शक्तीची गोळी आहे. तिचं ऐकू नकोस.

आता जे सांगतो, ते न सांगण्यासाठी तिने मला तुझी शपथ घातली होती. तू यावलला आजोळी जन्मलीस, आणि तिचं रक्त थांबेना. केळीच्या ट्रकमधून तिला जळगावला आणलं. जीव वाचला, पण शरीराला तो रस तयार करायला लावणारी, मेंदूखालची वाटाण्याएवढी ग्रंथी रक्ताविना सुकली. तिला दूध आलंच नाही. बकरीच्या दुधावर वाढलीस म्हणून उड्या मारतेस, असं आम्ही तुला चिडवत राहिलो. राखीला तू भाऊ मागायचीस तेव्हा ती उठून आत निघून जायची. तुला सांगू या, असं मी म्हटलं की तिचं एकच उत्तर, "पोरगी भेटली ना, मंग सर्व भेटलं." तुझ्या मनाला कधी टोचू नये, एवढंच तिला हवं होतं. पण शपथेपेक्षा मला ती जास्त हवी आहे. डॉक्टर तुला विचारतील, हा आजार कधीपासून? तेव्हा रडू नकोस, अडखळू नकोस. तुझी जन्मतारीख सांग.

तुझाच, शपथ मोडलेला,
नाना